बॅगेवर सही कुणाची?

ताकाशी मुराकामी या जपानी चित्रकाराने २००३ साली लुई व्हिटॉनच्या बॅगेवर ३३ रंग आणले, याचं फॅशनच्या मासिकांनी तेव्हा भरपूर कौतुक केलं. ते वाचताना मला मात्र पहिला प्रश्न पडला तो असा, की एवढे रंग मारताना रजिस्टर कसं सांभाळलं असेल? छपाईखात्यात कधी पाऊल न टाकलेल्यांसाठी सांगते. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला एक स्वतंत्र स्क्रीन लागते. पहिला रंग मारायचा, सुकू द्यायचा, मग दुसऱ्याची स्क्रीन बरोब्बर त्याच जागी ठेवायची. ती केसभर जरी सरकली, तरी पाकळीच्या एका कडेला पांढरी फट पडते आणि दुसऱ्या कडेला रंगावर रंग चढतो. आम्ही म्हणायचो, रजिस्टर हललं. आठ रंगांच्या साडीला आमचे छपाईमास्तर घामाघूम व्हायचे. इथे ३३.

मी जे. जे. मधून टेक्सटाइल डिझाइन शिकले, लोअर परळच्या एका मिलच्या डिझाइन स्टुडिओत लागले आणि १९८२च्या संपानंतर डोंबिवलीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये निवृत्तीपर्यंत राहिले. त्यामुळे चित्रकार आणि बडी फॅशन घराणी मिळून ज्या मोजक्या वस्तू काढतात, त्या जमवण्याचा नाद मला लागला तो मागच्या दाराने. लोक चित्रकारासाठी येतात, नाहीतर ब्रँडसाठी. मी छपाई बघायला आले आणि अडकले. माझा संग्रह म्हणाल तर कपाटाचा एक खण. बॅगा माझ्या पेन्शनच्या आवाक्याबाहेर, म्हणून मुख्यतः रेशमी स्कार्फ. पण बघायला पैसे पडत नाहीत, आणि बघितलंय भरपूर.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. फॅशन घराणं एखाद्या चित्रकाराला बोलावतं, त्याचं काम आपल्या बॅगेवर, स्कार्फवर किंवा कपड्यावर उतरवतं, ते थोडेच दिवस किंवा थोड्याच संख्येने विकतं आणि थांबतं. थांबल्यावर शोधाशोध सुरू होते. हल्लीच्या भाषेत याला कोलॅब म्हणतात. आजची लाट सुरू झाली २००१ साली. लुई व्हिटॉनचे तेव्हाचे डिझायनर मार्क जेकब्स यांनी शार्लोट गेन्सबूर या अभिनेत्रीच्या घरी कंपनीची एक जुनी ट्रंक पाहिली. तिच्या वडिलांनी ती चक्क काळ्या रंगाने रंगवून टाकली होती आणि त्या रंगाखालून मोनोग्राम पुसट डोकावत होता. आपल्याच घराण्याच्या खुणेवर रंग फासायचा, ही कल्पना जेकब्सना तिथे सुचली. त्यांनी न्यूयॉर्कच्या स्टीफन स्प्राउसकडून मोनोग्रामवर ग्राफिटीच्या अक्षरांत कंपनीचं नाव खरडून घेतलं. हा मोनोग्राम काही साधासुधा नव्हे. १८९६ साली जॉर्ज व्हिटॉनने वडिलांच्या नावाची आद्याक्षरं आणि फुलं जुळवून तो केला, तो नकला थांबाव्यात म्हणून. थांबल्या का, हे लिंकिंग रोडच्या फूटपाथला विचारा.

मुराकामीच्या बॅगा २००३च्या. मग २००८मध्ये रिचर्ड प्रिन्स, २०१२मध्ये यायोई कुसामा आणि तिचे ठिपके. कुसामाची गोष्ट मला आवडते. जेकब्स २००६ साली टोकियोत तिला भेटले, तेव्हा तिने आधीच एका व्हिटॉन बॅगेवर स्वतःच्या हाताने ठिपके काढून ठेवले होते. कंपनीने विचारायच्या आधीच बाईंनी कोलॅब करून टाकलं होतं! २०२३ साली तेच ठिपके परत आले, या वेळी जास्त चांगले. रंग अजून ओला आहे, बोट लावलं तर बोटाला लागेल, असा फुगीर ठिपका छपाईतून काढला होता. तो कसा काढला असेल यावर मी आणि माझा जुना कलर किचनमधला सहकारी फोनवर बराच वेळ वाद घालत होतो. तो म्हणाला, थरावर थर. मी म्हटलं, थर कळले, पण ब्रशचे केस कुठून आले?

याउलट २०१७मधलं जेफ कून्सचं काम. मोना लिसा, रुबेन्स, व्हॅन गॉग, जशीच्या तशी बॅगेवर, वर चकचकीत अक्षरांत चित्रकाराचं नाव, आत त्याचं चरित्र, आणि बाहेर लटकणारं लेबल कून्सच्या सशाच्या शिल्पाच्या आकाराचं. लूव्र संग्रहालयात थाटात मेजवानी देऊन त्या बॅगा लोकांपुढे आणल्या. मला त्यात काही सापडलं नाही. छपाई स्वच्छ आहे, नाही असं नाही. पण कारागिराला त्यासाठी एकही नवी गोष्ट शिकावी लागलेली दिसत नाही. चित्र घेतलं, चिकटवलं. माझी पारख एवढीच आहे : चित्रकार आल्यामुळे कारखान्यातल्या माणसाच्या कामात काय बदललं? काहीच बदललं नसेल, तर ती वस्तू कितीही थोडी निघालेली असो, माझ्या खणात तिला जागा नाही.

आणि ‘थोडी निघाली’ म्हणजे तरी किती? नव्या हौशी लोकांची फसगत इथेच होते. चित्रकलेच्या जगात छापचित्राला रीत असते. दोनशे छाप काढायचे ठरले की प्रत्येकावर पेन्सिलीने त्याचा क्रमांक आणि एकूण संख्या लिहितात, चित्रकार सही करतो, आणि पुष्कळदा मूळ ठसा रद्द करतात. फॅशनमध्ये ‘लिमिटेड एडिशन’ या शब्दांना तसा कुठलाच लगाम नाही. कधी खरोखर क्रमांक असतो. बहुतेक वेळा एका हंगामापुरतं, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या हंगामात किती हजार नग निघाले ते कंपनीलाच ठाऊक. मुराकामीचा बहुरंगी मोनोग्राम तर २००३ ते २०१५ असा बारा वर्षं विकला गेला. मग तो बंद झाला म्हणून हळहळ व्यक्त झाली, जुन्या बॅगा शोधल्या जाऊ लागल्या, आणि २०२५च्या जानेवारीत कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला. स्प्राउसची ग्राफिटीही त्याच्या मृत्यूनंतर, २००९ साली, भडक निऑन रंगांत परत आली होती. तेव्हा ‘परत कधीच मिळणार नाही’ असं दुकानदार म्हणाला, तर हसावं आणि घरी जावं.

मुराकामीवरून आठवलं. २००७ साली लॉस एंजेलिसच्या ‘मोका’ संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा प्रदर्शनाच्या आतच लुई व्हिटॉनचं चालू दुकान थाटलं होतं. तिथे बॅगांबरोबर फ्रेमवर ताणलेली क्रमांकित छापचित्रंही हजारो डॉलर्सना विकली गेली. पुढे एका ग्राहकाने दावा लावला. त्याचं म्हणणं, हे छापचित्र कसलं, हे तर बॅगांसाठी छापलेलं कापड कापून चौकटीवर ठोकलंय! कॅलिफोर्नियात छापचित्रांच्या विक्रीला वेगळा कायदा आहे, विकणाऱ्याला कागदोपत्री तपशील द्यावा लागतो, आणि भांडण त्यावरच होतं. मला तो खटला फार रोचक वाटतो. तेच कापड बॅगेला लागलं की बॅग, भिंतीवर लागलं की चित्र, आणि दोन्हीकडे ते छापणारा माणूस एकच. २००८मध्ये हेच प्रदर्शन न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये गेलं, तर उद्घाटनाच्या रात्री कंपनीने बाहेर फूटपाथवर नकली माल विकणाऱ्यांसारख्या टपऱ्या लावल्या आणि त्यांवर अस्सल बॅगा विकायला ठेवल्या. नकलेची नक्कल. मुराकामीच्या डोक्यातलं गणित त्या रात्री जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कुठल्याच बॅगेत दिसत नाही.

हे सगळं काही या शतकातलं खूळ नाही. १९३७ साली पॅरिसच्या एल्सा स्कियापारेल्लीने साल्वादोर दालीला घेऊन पांढऱ्या रेशमी पोशाखावर मोठा थोरला लालभडक लॉबस्टर काढला. वॉलिस सिम्पसन, जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली ती, त्या पोशाखात ‘व्होग’साठी उभी राहिली. दालीला म्हणे त्यावर खरंखुरं मेयोनेज फासायचं होतं. बाईंनी ते होऊ दिलं नाही. हा किस्सा सगळे सांगतात. दालीचं रेखाटन कापडावर उतरवलं ते साश नावाच्या रेशीमवाल्याने, हे सहसा कुणी सांगत नाही. लॉबस्टरच्या नांग्यांचा लाल रंग रेशमावर फुटला नाही, पसरला नाही, ही करामत त्याची. तसाच एक पोशाख आता फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये झिका आशर या प्रागहून आलेल्या कापडवाल्याने मातिस, हेन्री मूर, काल्डर अशांकडून डोक्याला बांधायचे रुमाल काढून घेतले आणि १९४७ साली ते चित्रांसारखे फ्रेम करून गॅलरीत मांडले. म्हणजे रुमाल भिंतीवर टांगायचं पातकही जुनंच.

आता माझ्या खणाकडे येते. एर्मेस या फ्रेंच घराण्याचा चौकोनी रेशमी स्कार्फ, ज्याला कॅरे म्हणतात, १९३७पासून निघतोय. ९० सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, जाड ट्विल रेशमाचा. लिओंच्या परिसरातल्या कारखान्यांत तो छापला जातो. चित्रकाराचं चित्र आलं की एक कारागीर त्यातला एकेक रंग वेगळा काढतो. आमच्याकडे त्याला ट्रेसर म्हणायचे. एका चित्राला शेकडो तास जातात. मग लांबलचक टेबलं, स्क्रीन, वाफ, धुलाई, आणि शेवटी कडा हाताने गुंडाळून हातशिलाई.

२००८ साली एर्मेसने योसेफ आल्बर्सच्या ‘होमेज टू द स्क्वेअर’ या मालिकेतली सहा चित्रं निवडली आणि प्रत्येकाचे फक्त २०० कॅरे काढले. आल्बर्स १९७६ साली वारला होता, तेव्हा याला कोलॅब म्हणावं का, असा वाद कुणी घातला तर मी घालू देते. पण छपाईच्या दृष्टीने असं काम क्वचित होतं. कारण सांगते. आल्बर्सच्या चित्रात चौकोनात चौकोन, त्यात चौकोन, बास. एक रंग दुसऱ्याशेजारी ठेवला की दोघांचे स्वभाव बदलतात, हे दाखवण्यात त्याने आयुष्य घालवलं. तेव्हा दोन रंग एकमेकांना थेट भिडलेच पाहिजेत. आता कुठल्याही छापील साडीवर फुलाभोवती बारीक गडद रेघ बघा. ती शोभेला असते तितकीच पाप झाकायलाही असते. रजिस्टर हललं तरी त्या रेघेखाली लपतं. आल्बर्सला रेघ चालणार नाही. रेघ आली की चित्रच मेलं. म्हणजे कडेला कड, मध्ये फट नाही, रंगावर रंग नाही, तेही ओलाव्याने हलणाऱ्या रेशमावर. त्यांनी ते साधलं. चित्रकार नसता तर कारागिराला याची गरजच पडली नसती, आणि माझी पारख जिथे पूर्ण उतरते ती जागा हीच.

यातला एक कॅरे मी हातात धरलाय. पॅरिसला माझी भाची असते, तिच्याकडे गेले होते. तिथे द्रुओ नावाचं लिलावघर आहे, जुनं आणि बारा भानगडींचं. लिलावाच्या आदल्या दिवशी माल मांडतात, आणि कुणीही आत जाऊन बघावं. मी माझी पिक ग्लास पर्समधून काढली. कापडातले धागे मोजायचं ते घडीचं छोटं भिंग, मिलमधल्या प्रत्येकाकडे असायचं.

“मावशी, लोक बघतायत,” भाची कुजबुजली.

“बघू देत. इकडे ये, तू पण बघ.”

पिवळा चौकोन जिथे करड्याला भिडतो तिथे भिंग ठेवलं. ट्विलच्या तिरप्या रेघा दिसत होत्या, एका धाग्यावर पिवळा, लगतच्या धाग्यावर करडा. मध्ये काही नाही. भाचीने बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि म्हणाली, “मला वाटलं होतं काहीतरी दिसेल.”

“काही दिसत नाही हेच तर बघायचं!”

मग कड उलटून दाखवली. अस्सल कॅरेची कड उजव्या बाजूला, म्हणजे चित्राच्या बाजूला, वळवलेली असते. ती गोल, भरीव लागते बोटांना, आणि टाके एकसारखे असूनही यंत्रासारखे नसतात. नकलेत कड बहुधा मागे वळवलेली, चपटी, मशीनने मारलेली. इस्त्री करून गोल कड चपटी करणारे महाभागही असतात, त्यांच्यामुळे अस्सल मालाची किंमत उतरते. दुसऱ्या दिवशी बोली माझ्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेली. त्यात द्रुओसारख्या ठिकाणी हातोडा पडला त्या रकमेवर घेणाऱ्याला लिलावघराचं कमिशन वेगळं द्यावं लागतं, आणि माल भारतात आणायचा तर कस्टम आहेच. नव्याने या नादाला लागणाऱ्याने तिन्ही आकडे आधी कागदावर मांडावेत.

एर्मेसने पुढे डानिएल ब्युरेनबरोबर २०१० साली ३६५ कॅरे काढले, आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नाही. २०१२मध्ये हिरोशी सुगिमोतो आला. त्याने टोकियोच्या स्टुडिओत प्रिझममधून भिंतीवर पडणारा पहाटेचा उजेड पोलरॉइडवर टिपला होता. नुसता रंग, वस्तू नाहीच. त्यातली २० चित्रं, प्रत्येकी सात नग, म्हणजे एकूण १४०. एका रंगातून दुसऱ्यात कधी गेलो ते कळू नये अशी ती उतरण स्क्रीनला जमणारी नाही, म्हणून रेशमावर इंकजेट वापरलं. माझ्यासारख्या स्क्रीनवालीला हे कबूल करायला जड जातं, पण तिथे तेच योग्य होतं.

माझ्याकडे यातलं काही नाही. माझ्याकडचा लाडका कॅरे कर्मिट ऑलिव्हरचा आहे, टेक्सासचे प्राणी आणि झाडंझुडपं असलेला. तो लिमिटेड वगैरे नव्हता. ऑलिव्हर हा एर्मेससाठी कॅरे करणारा पहिला अमेरिकन चित्रकार, आणि कितीतरी वर्षं तो वेको नावाच्या गावी टपाल खात्यात रात्रपाळीला पत्रांची वर्गवारी करायचं काम करत होता. पॅरिसच्या बायकांच्या गळ्यात आपलं चित्र आणि आपण रात्री टपालाच्या थप्प्यांपुढे! मिलमध्ये रात्रपाळी काय असते ते मी पाहिलंय, त्यामुळे हा माणूस मला घरचा वाटतो.

आणि आता मुंबई. डिओरच्या पॅरिसमधल्या शोंसाठी गेल्या काही वर्षांत चित्रकारांची चित्रं भरतकामात उतरवून अख्ख्या मंडपाच्या भिंती सजवल्या गेल्या. २०२०मध्ये अमेरिकन जूडी शिकागोचे प्रचंड ध्वज, २०२२मध्ये माधवी आणि मनू पारेख यांची चित्रं, २०२५मध्ये मूळच्या मुंबईच्या ऋतिका मर्चंटची. ही सगळी सुई मुंबईतली, चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टची. आरीकाम आणि जरदोजी पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कारागीर अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवलेल्या चौकटीवर, बसून करत आले. या शाळेत २०१६पासून ते बायकांना शिकवलं जातं. माधवीताईंचं चित्र म्हणजे गावाकडच्या देवदेवता, प्राणी, ठिपके. मनू पारेखांचा ब्रश उलट दांडगा, धावता. एकाला सपाट भरणी लागते, दुसऱ्याला टाक्यावर टाका चढवून ब्रशचा झपाटा दाखवावा लागतो. एकाच अड्ड्यावर दोन भाषा बोलायच्या. तो मंडप रोदँ म्युझियमच्या आवारात होता, शो झाल्यावर काही दिवस सर्वांना खुला होता, आणि भरतकाम कुठे झालं ते डिओरने नावानिशी सांगितलं. इतकी वर्षं मुंबईचं भरतकाम पॅरिसला जात होतं, ते बिनबोभाट. साशच्या नशिबी जे फारसं आलं नाही ते इथे आलं. ते पडदे काही विकायला नव्हते. संग्रहाच्या दृष्टीने निरुपयोगी. पण डिओरच हल्ली दरवर्षी चित्रकारांकडून ‘लेडी डिओर’ बॅगेची नवी रूपं करून घेतं, ती विकतंही, आणि या दोन्हींतलं एक निवड म्हटलं तर मी त्या भिंतीचा हातभर तुकडा मागीन.

राहिलं सांभाळणं. बॉक्स, पावती, आत शिवलेली कापडी पट्टी, हे सगळं असेल तर किंमत चढते, म्हणून काहीही फेकू नका. न वापरलेला स्कार्फ सगळ्यांत महाग. मुंबईच्या हवेत रेशमाला दोन शत्रू, दमटपणा आणि प्लॅस्टिक. पिशवीत बंद करून ठेवलंत तर बुरशी आलीच म्हणून समजा. पैठणी जशी मलमलीत ठेवतो तशीच ठेवायची, आणि वर्षातून दोनदा घडी बदलायची, नाहीतर घडीवर रेशीम चिरतं. डांबरगोळ्या मुळीच नकोत. अत्तराचा फवारा तर रंगीत रेशमावर डाग पाडल्याशिवाय राहत नाही.

भाचीचं लग्न ठरलंय. परवा फोनवर तिने भीत भीत विचारलं, “मावशी, तुझा तो टेक्सासवाला रिसेप्शनला घातला तर?”

“घाल की. पण आधी अत्तर मार, ते सुकू दे, आणि मग गळ्यात घाल. आणि गाठ सैल मार, कड दबता कामा नये.”

“आणि सांडलं काही त्यावर तर?”

“तर तूच ठेव तो,” मी म्हटलं, “आणि मला आल्बर्स घेऊन दे.”